ताळा जमत नाही

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आता संगणक आहे, आणि ज्यांच्या घरी तो नाही त्यांच्या खिशात तरी आहेच. त्यामुळे यंत्र बिघडणे म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगण्याची आवश्यकता उरलेली नाही. परंतु बिघडलेले यंत्र दुरुस्त करण्यासाठी जो कारागीर त्याच यंत्रात नेमून ठेवलेला असतो, तोच जेव्हा ‘काम फत्ते झाले’ असे सांगून निघून जातो आणि दुसऱ्या क्षणी काम जसेच्या तसे पुढे उभे राहते, तेव्हा मनुष्याची जी अवस्था होते ती अनुभवल्यावाचून कळावयाची नाही. हा अनुभव आम्हांस २०२३ च्या जून महिन्यात आला.

त्या सायंकाळी पुण्यात वळिवाने धुमाकूळ घातला होता. वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि तिसऱ्यांदा आली ती तासाभराने. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला तो नेहमीचे चित्र पडद्यावर येईचना. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी, आणि त्यांतील शेवटची अशा अर्थाची, की अनपेक्षित विसंगती आढळली आहे, तपासणी आपल्या हाताने चालवावी. विसंगती कोणाची, कोणाशी, आणि आपल्या हाताने म्हणजे कोणाच्या, याचा खुलासा नाही. सरकारी नोटिशीत जो एक कोरडा दरारा असतो तोच ह्या वाक्यात होता. आमच्या सौभाग्यवतींनी ते वाचून ‘आता काय भरावे लागणार?’ असे विचारले, यावरून वाक्याचा परिणाम वाचकांच्या ध्यानी येईल.

त्या डिस्कवर आमचे लेखन होते, छायाचित्रे होती, विजेची बिले होती. ती गेली असती तर हळहळ वाटली असती, इतकेच. खरा जीव गुंतला होता तो आमच्या आजोबांच्या जमाखर्चात. आजोबा सांगलीस शिक्षक होते. १९३१ पासून १९५७ पर्यंत एकही दिवस न चुकता त्यांनी घरखर्च लिहिला, दर सालची एक याप्रमाणे सत्तावीस वह्या, आणि त्या सगळ्या मोडीत. शेवटच्या वहीत एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आहेत. त्यापूर्वी सर्वत्र रुपये, आणे आणि पै. दिवसअखेर हातची शिल्लक वहीशी जमली नाही तर आजोबा ती ओढूनताणून जमवीत नसत. त्या दिवसाखाली ‘ताळा जमत नाही’ असे लिहून जितके आणे कमीजास्त असतील तो आकडा स्वच्छ अक्षरात मांडीत आणि मगच निजत. आम्ही ह्या वह्यांची सुमारे सव्वीसशे पाने दोन हप्त्यांत छायांकित केली. पहिला हप्ता १९४३ पर्यंतचा. त्याची एक प्रत नागपूरच्या आमच्या चुलत बंधूंकडे गेली. दुसरा हप्ता झाला आणि त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. जुन्या घराच्या तळमजल्यावर कडीपाटाखाली ठेवलेली ती पेटी आठवडाभर पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर पेटीतून जे निघाले त्याला वही म्हणणे शक्य नव्हते. म्हणजे १९४४ पासूनची चौदा वर्षे आता त्या एका डिस्कवर होती.

आमचा भाचा ह्याच विद्येवर पोट भरतो. तो आला, त्याने पडद्याकडे पाहिले आणि खुर्ची ओढून बसला. ‘मामा, आधी चहा सांगा, घाई करण्यासारखे हे काम नाही,’ असे तो म्हणाला, तेव्हाच प्रकरण साधे नाही हे आम्ही ओळखले. चहा होईपर्यंत त्याने आम्हांस जे शिकविले ते थोडक्यात सांगितल्यावाचून पुढची हकीकत उमजणार नाही.

डिस्क म्हणजे सारख्या मापाच्या ठोकळ्यांची एक लांबच लांब ओळ. लिनक्समध्ये हा ठोकळा बहुधा ४,०९६ बाइटांचा असतो, आणि त्याला ब्लॉक म्हणतात. फाइल म्हणजे अशा काही ब्लॉकांचा समूह. परंतु ते ब्लॉक कोणते, फाइल केवढी, मालक कोण, ही माहिती फाइलीत नसते. ती आयनोड नावाच्या एका टिपणात असते, आणि अशा टिपणांचे तक्ते डिस्कवर ठिकठिकाणी मांडलेले असतात. आश्चर्य असे की आयनोडात फाइलीचे नाव नसते. नाव असते फोल्डरात. आणि फोल्डर म्हणजे दुसरेतिसरे काही नसून ‘अमुक नाव, अमुक क्रमांकाचा आयनोड’ अशा जोड्यांची यादी. नाव एका वहीत, माल दुसरीकडे, आणि मालाची जागा सांगणारे टिपण तिसरीकडे! कोणते ब्लॉक मोकळे आणि कोणते भरलेले याचा नकाशा निराळाच. ज्याने पेढीवर कीर्द आणि खतावणी पाहिली आहे त्याला ह्या व्यवस्थेत काही नवे वाटणार नाही. एकच व्यवहार चार ठिकाणी नोंदला गेला, म्हणजे चार ठिकाणी जुळलाही पाहिजे. दोन ठिकाणी लिहून झाले आणि इतक्यात दिवा गेला, तर वह्या एकमेकींशी भांडावयास लागतात. ह्या भांडणाचे नाव विसंगती.

हे भांडण मिटविणारा जो तपासनीस, त्याचे नाव एफएससीके. हा शब्द कसा उच्चारावा याविषयी एकमत नाही. प्रत्येक जण आपापल्या जिभेच्या सोयीने उच्चारतो, आणि काम अडले म्हणजे त्यात एखादे स्वर-व्यंजन आपल्या पदरचे घालतो. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्ज ह्या संशोधनसंस्थेत झाला. आरंभी तेथे आयचेक आणि डीचेक असे दोन वेगळे तपासनीस होते. एक ब्लॉकांचा हिशेब पाही, दुसरा फोल्डरांचा. ते चूक दाखवीत; पुढचे बहुतेक निस्तरणे चालकाने स्वतः एकेक आयनोड पुसून करावयाचे, आणि पुसताना चुकीचा आकडा टंकला गेला तर चांगली फाइल हकनाक जाई. पुढे त्याच संस्थेतील टी. जे. कोवाल्स्की यांनी सर्व तपासण्या एकत्र करून, सापडलेली चूक विचारून दुरुस्त करणारा हा कार्यक्रम लिहिला. बर्कली विद्यापीठात मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी नव्या, वेगवान फाइलव्यवस्थेसाठी त्यात सुधारणा केली. आमच्या घरच्या लिनक्सवर ह्याच वंशातील ई-टू-एफएससीके होता. तो मुख्यतः थिओडोर त्सो यांच्या देखरेखीखाली वाढला आहे.

ह्याची तपासणी पाच फेऱ्यांची असते. पहिल्या फेरीत तो प्रत्येक आयनोड उघडतो, आणि त्याने आपले म्हणून सांगितलेल्या ब्लॉकांवर दुसऱ्या कोणी हक्क सांगितला आहे की काय हे पाहतो. दुसऱ्या फेरीत फोल्डरांतील नावे अस्तित्वात असलेल्या आयनोडांकडेच बोट दाखवितात ना, हे पारखतो. तिसरीत, कोणत्याही फोल्डरापासून वर चढत गेले असता मूळ फोल्डरापर्यंत पोहोचता येते की मध्येच वाट तुटते, याचा शोध. चौथीत एका फाइलीला नावे किती याची मोजदाद, आणि पाचवीत मोकळ्या जागांची बेरीज. फेऱ्यांचा हा क्रम आम्हांस फार आवडला. आधी माल, मग नावे, मग वंशावळ, मग शिरगणती आणि सरतेशेवटी शिल्लक. आजोबांनीही दुसरा क्रम लावला नसता.

भाच्याने तपासनिसाला हाक मारली. प्रश्न येऊ लागले. प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ हे उत्तर दिले जाऊ लागले. पाच फेऱ्या पुऱ्या झाल्या, आणि फाइलव्यवस्थेत बदल करण्यात आले आहेत, असे तपासनिसाने ठळक अक्षरांत जाहीर केले. आम्ही निःश्वास सोडला. संगणक पुन्हा सुरू केला, तो काळा पडदा, तीच चार वाक्ये! दुसऱ्यांदा तपासणी केली. तेच आयनोड, त्याच चुका, त्याच प्रश्नांना तीच उत्तरे, आणि शेवटी तीच जाहिरात. तिसऱ्या खेपेस भाच्याने काहीही न लिहिता केवळ पाहून अहवाल देण्याची आज्ञा तपासनिसास दिली, आणि आधीच्या खेपेचे क्रमांक कागदावर लिहून घेऊन त्यांच्याशी ताडून पाहिले. एकही क्रमांक बदललेला नव्हता.

दुरुस्ती लागू पडत नाही म्हणजे काय होते याचा विचार आम्ही तोपर्यंत कधी केला नव्हता. हा तपासनीस काम संपल्यावर एक अंक मागे ठेवून जातो. शून्य म्हणजे चूक नव्हती. एक म्हणजे चूक होती, ती काढली. दोन म्हणजे काढली, आता यंत्र पुन्हा सुरू करा. चार म्हणजे चुका शिल्लक राहिल्या. आठ म्हणजे मलाच काम करता आले नाही. पडद्यावरच्या लांबलचक मजकुरापेक्षा हा एकाक्षरी निकाल अधिक खरा. पण तो कोणी मागितल्याशिवाय दिसत नाही, आणि मागणारे थोडे. आमच्या खेपेस तो चार होता.

शेजारच्या एका सद्गृहस्थांनी ओळखीच्या दुकानदारास फोन लावून दिला. त्या दुकानदाराने सगळे ऐकून घेण्यापूर्वीच ‘फॉर्मॅट मारून टाका, नवी होऊन जाईल’ असा निकाल दिला. डिस्क नवी झाली असती यात शंका नाही. पाटी पुसली म्हणजे तीही नवी होते.

भाचा मात्र वेगळ्या पद्धतीने विचार करीत होता, आणि तो विचार ऐकणे हा त्या दिवसातला आमचा एकमेव आनंद होता. तो म्हणाला, ‘मामा, वीज गेली हे खरे, पण तेवढ्याने इतके होत नाही.’ कारण असे की लिनक्सच्या फाइलव्यवस्थेस २००१ मध्ये ईएक्सटी-थ्रीच्या रूपाने जर्नल जोडले गेले, आणि ईएक्सटी-फोरमध्ये ते चालत आलेले आहे. जर्नल म्हणजे कीर्दच. खतावणीत हात घालण्यापूर्वी काय बदल करावयाचा ते कीर्दीत टिपावयाचे, आणि मध्येच दिवा गेला तर सकाळी कीर्द पाहून राहिलेले पुरे करावयाचे. हे काम काही क्षणांत होते, आणि धन्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कीर्द असूनही वह्या जुळत नाहीत तर खोट दुसरीकडे असली पाहिजे. ती कोठे असू शकते? फाइलव्यवस्था चालू असतानाच, म्हणजे दुकान उघडे असतानाच कोणी तिची तपासणी करू लागला, तर एकीकडे तपासनीस लिहितो आणि दुसरीकडे दुकान लिहिते. मग मेळ बसणे शक्यच नाही. पुष्कळांची फसगत येथेच होते. परंतु भाच्याने तपासणी बाहेरून, पेनड्राइव्हवर आणलेल्या निराळ्या लिनक्सवरून चालविली होती, तेव्हा तो संशय गेला. तपासनीस जुना आणि फाइलव्यवस्था नवी असे असले तर तो स्वतःच ‘माझी नवी आवृत्ती आणा’ असे सांगतो. तसे त्याने सांगितले नव्हते. व्यवस्थेचे मुख्य मापटिपण, ज्याला सुपरब्लॉक म्हणतात, ते बिघडले असते तर तपासनिसाने दारातच नकार दिला असता. आणि त्यावर तोडही आहे, कारण त्या टिपणाच्या प्रती डिस्कवर पुढे ठरलेल्या जागी ठेवलेल्या असतात, व्यवस्थेचा ब्लॉक ४,०९६ बाइटांचा असेल तर पहिली प्रत ३२,७६८ व्या ब्लॉकात. स्मरणशक्ती, म्हणजे यंत्रातली मेमरी, सदोष असती तर चुका दर खेपेस निराळ्या दिसल्या असत्या. आपल्या चुका तर हट्टाने त्याच आहेत. त्याच चुका, त्याच जागी. म्हणजे दोष जागेचा.

मग त्याने डिस्कचा स्वतःचा आरोग्यतक्ता काढला. हल्लीच्या डिस्का असा तक्ता आपापला ठेवतात, त्या योजनेस ‘स्मार्ट’ म्हणतात. तक्त्याच्या माथ्यावर डिस्क उत्तीर्ण असल्याचा शेरा होता. खाली मात्र १९७ व्या रकान्यात, वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहत पडलेल्या जागांची संख्या तीन आकडी होती. १९९ वा रकाना केबलीच्या चुकांचा. तेथे शून्य, म्हणजे केबल निर्दोष. माथ्यावर उत्तीर्ण आणि पोटात नापास, हा प्रकार शिक्षकाच्या नातवाला तसा परिचयाचा होता.

आता सगळे उलगडले. तपासनीस चुकीची नोंद सुधारून डिस्ककडे देत होता. डिस्क ती घेतल्याचे सांगत होती. वाचावयास मागितले म्हणजे त्याच जागा तिला पुन्हा आठवत नव्हत्या. तपासनीस खोटे बोलत नव्हता. त्याच्या हाताखालचा कागदच शाई धरीत नव्हता. आणि ह्यात एक मोठा धोका होता. असा ब्लॉक वाचता आला नाही म्हणजे तपासनीस ‘चूक दुर्लक्षावी काय?’ आणि मागोमाग ‘जबरीने पुन्हा लिहावे काय?’ असे विचारतो. आजारी डिस्कवर दुरुस्ती म्हणजे प्रत्येक ‘होय’बरोबर काहीतरी कायमचे पुसण्याची शक्यता. वैद्यकात ज्याला पथ्य म्हणतात त्याची येथे जरुरी असते, आणि पथ्य एवढेच की रोग्याला हात लावू नये.

नवी, मोठी डिस्क आणली गेली, आणि जुनीची नक्कल तिच्यावर उतरविण्याचे काम सुरू झाले. ह्यासाठी जीएनयू प्रकल्पातील डीडीरेस्क्यू नावाचे साधन आहे. ह्या साधनाचा स्वभाव आम्हांस एखाद्या जाणत्या पोस्टमनासारखा वाटला. जे दार उघडत नाही तेथे ते थांबून बसत नाही. प्रथम जेवढी दारे सहज उघडतात तेवढ्यांचा माल घेऊन येते. अडलेल्या दारांची नोंद एका कागदावर करते. मग परत फिरून अडलेल्या भागाच्या दोन्ही कडांनी आत शिरत शिरत नेमकी बंद दारे कोणती हे हुडकते, आणि सांगितले असेल तितक्या वेळा त्यांवर पुन्हा टकटक करते. मध्येच थांबविले तरी नोंद कायम राहते, दुसऱ्या दिवशी तेथून पुढे. मोठा भाग पहिल्या रात्रीतच उतरला. शेवटच्या थोड्याशा भागासाठी पुढच्या पाच रात्री लागल्या. त्या पाच रात्री जुन्या डिस्कमधून बारीक टिकटिक ऐकू येई, आणि आमच्या सौभाग्यवती मध्यरात्री उठून ‘चालू आहे का हो अजून?’ असे विचारीत. रोग्याच्या खोलीत बोलावे तसे आम्ही सगळेच त्या खोलीत हलक्या आवाजात बोलत होतो. यंत्रापुढे असे करणे शहाणपणाचे नव्हे हे कळत होते. पण आवाज चढेना. सहाव्या सकाळी न वाचलेला भाग सहाशे किलोबाइटांहून कमी उरला, आणि भाच्याने जुनी डिस्क कायमची बाहेर काढली.

त्याने नकलेची आणखी एक नक्कल केली, आणि तपासनिसास तिच्यावर सोडले. ह्या खेपेस कागद कोरा करकरीत होता, शाई धरणारा. जे वाचता आले नव्हते तेथे केवळ शून्ये होती. पहिली फेरी निर्विघ्न झाली. दुसऱ्या फेरीत तपासनीस थांबला. १९५५ च्या फोल्डरात एक नाव आहे, पण ते ज्या आयनोडाकडे बोट दाखविते तो रिकामा आहे. नाव काढून टाकावे काय? भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलविली. लगेच दुसरे नाव, मग तिसरे. अशी सोळा नावे. सोळाच का, ते त्याने सांगितले. एक आयनोड २५६ बाइटांचा, ब्लॉक ४,०९६ बाइटांचा; म्हणजे तक्त्याच्या एका ब्लॉकात सोळा टिपणे मावतात. ज्या क्रमाने पाने छायांकित झाली त्याच क्रमाने टिपणे मांडली गेली होती. एक ब्लॉक वाचला गेला नाही, आणि सलग सोळा पानांचा ठावठिकाणा गेला. चित्रे डिस्कवर कोठेतरी असतीलही, निदान त्यांचे तुकडे असतील. भाच्याने नंतर कच्च्या ब्लॉकांतून ती शोधण्याचा निराळा प्रयत्न करून पाहिला, आणि त्यात काही हाती लागले नाही. ‘होय’ म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि तरी ते सोळा वेळा म्हणावे लागले. सगळ्यांना एकदम ‘होय’ म्हणून टाकण्याची सोय त्या साधनात आहे, हे भाच्याने नंतर सांगितले. त्याने ती मुद्दाम वापरली नव्हती.

पाचवी फेरी संपली. निकालाचा अंक एक आला. पुन्हा चालविले, आणि अंक शून्य.

परंतु १९५० ते १९५३ ह्या चार वह्यांची फोल्डरे रिकामी होती! तेथे उलट प्रकार झाला होता. पाने होती, टिपणे होती, नावांच्या याद्या गेल्या होत्या. अशा बेवारशी फाइलींसाठी व्यवस्थेत आरंभीच एक फोल्डर राखून ठेवलेले असते, त्याचे नाव लॉस्ट-प्लस-फाउंड. ते आधीच का करून ठेवावयाचे, तर संकटाच्या वेळी नव्या जागेची मागणी करून उरलेसुरले बिघडवावे लागू नये म्हणून. धर्मशाळा पूर येण्यापूर्वी बांधावयाची असते, हे ज्यांनी ही योजना केली त्यांना नेमके ठाऊक होते. त्या धर्मशाळेत आमची ३७८ पाने बसली होती, प्रत्येकाच्या गळ्यात नावाऐवजी आयनोडाचा क्रमांक.

तपासनिसाचे काम तेथे संपले आणि आमचे सुरू झाले. पान उघडावयाचे, मोडी लावीत लावीत मितीवार वाचावयाचे, आणि नाव द्यावयाचे. आम्हांस मोडी येते ती अडखळत. दिवसाला आठ-दहा पाने होत. छायांकित करताना आम्ही ही पाने पाहिली होती, वाचली नव्हती. वाचली ती आता, त्यांची नावे हरवल्यामुळे. १९५१ च्या वैशाखात आमच्या आत्याचे लग्न झाले. त्या लग्नासाठी आजोबांनी नागपूरच्या थोरल्या भावाकडून चारशे रुपये घेतले, आणि ते कधीच परत झाले नाहीत, अशी एक गोष्ट त्या शाखेत चालत आलेली आहे. ती कोणी तोंडावर बोलून दाखवीत नसे. लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीत कोणी ‘तुमच्या आजोबांचा हिशेब मोठा चोख हो!’ असे म्हणाला, की त्या शाखेतील वडीलधारी मंडळी पानाकडे पाहू लागत. त्या नाव नसलेल्या पानांत ‘तीर्थरूप दादांस मनिऑर्डर’ अशा नोंदी निघू लागल्या. कधी दहा रुपये, कधी पंधरा, दिवाळीच्या महिन्यात काहीच नाही, एकदा पाचच. १९५३ च्या अखेरीपर्यंत बेरीज ३८५ झाली. पंधरा रुपयांचा पत्ता लागत नाही. चुलत बंधूंना आम्ही पाने धाडली. पुष्कळ दिवस उत्तर आले नाही. मग एके दिवशी त्यांचा फोन आला, आणि त्यांनी पंधरा रुपयांवरील सत्तर वर्षांच्या व्याजाचा आकडा मोठ्या गंभीरपणे वाचून दाखविला. त्यानंतर ते बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिले, आणि फोन ठेवताना त्यांनी सगळ्या पानांची एक प्रत मागितली. ती आता नागपुरास आहे, आणखी एक भाच्याकडे आहे.

ह्या तपासनिसाविषयी आमचे मत काय झाले, असे आम्हांस कोणी विचारील. आम्हांस त्याच्याविषयी आदर वाटतो. पण तो काय जाणतो आणि काय जाणत नाही हे ओळखून वाटतो. वह्या एकमेकींशी जुळतात की नाही, एवढेच तो पाहतो. वहीत लिहिले आहे ते खरे आहे की नाही, पानावर आजोबांचे अक्षर आहे की नुसता काळा डाग आहे, याचे त्याला सोयरसुतक नाही. सोळा नावे पुसून त्याने हिशेब जुळविला, आणि हिशेब जुळला हे खरेच होते. ह्या उणिवेवर पुढच्या लोकांनी उपाय काढले आहेत. सन कंपनीत निघालेल्या झेडएफएस ह्या व्यवस्थेत प्रत्येक ब्लॉकाच्या मजकुराचीच खूण निराळी जपून ठेवतात, आणि तिला असा तपासनीस दिलेलाच नाही. एक्सएफएस नावाच्या व्यवस्थेत त्या नावाचा तपासनीस आहे, पण नेहमीच्या वापरात तो काहीही करीत नाही आणि यशस्वी झाल्याचे सांगून जातो. त्याच्या माहितीपत्रकात हे प्रामाणिकपणे लिहिलेले आहे. खरी दुरुस्ती करणारा दुसराच आहे. अशी पदे केवळ संगणकातच असतात असा आमच्या वाचकांचा समज असल्यास तो त्यांचा तेवढाच दोष.

राहता राहिली १९५५ ची ती सोळा पाने. आजोबांच्या एका पानावर चार-एक दिवस मावत, म्हणजे भाद्रपद आणि आश्विन मिळून दोन महिने. त्यांच्या आधीचे शेवटचे पान आणि नंतरचे पहिले पान आम्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले. आधीच्या पानात गवळ्याचे दुधाचे पैसे आहेत. नंतरच्या पानात ते नाहीत; त्याऐवजी सरकी आणि पेंड, आणि पुढे सालभर सरकी आणि पेंड. आम्ही आत्याकडे गेलो. तिचे वय तेव्हा एक्क्याण्णव होते, कानाने कमी ऐकू येई, पण स्मरण पक्के. त्या साली गणपतीनंतर काय झाले, असे विचारताच ती म्हणाली, ‘अरे, मी नाही का पहिल्या बाळंतपणाला आले होते? बाबांनी माझ्यासाठी म्हैस घेतली. घरात सगळे नको नको म्हणत होते.’ केवढ्याला घेतली, असे आम्ही विचारले. तिने बराच वेळ आठवून पाहिले. एकशे ऐंशी म्हणाली, मग दोनशे दहा म्हणाली, मग म्हणाली, की किंमत बाबांनी कोणाला सांगितलीच नव्हती, वहीत तेवढी लिहिली होती. वह्यांची जी नवी यादी आम्ही केली आहे तीत त्या सोळा पानांच्या जागी आम्ही लिहून ठेवले आहे: म्हैस एक, किंमत लागत नाही.